दोन-अडीच हजारांत गेमिंगलाही चालेल आणि ऑफिसलाही, असा हेडफोन कोणता?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी.
मूळचा सांगलीचा, नोकरीनिमित्त पुण्यात. दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा, रात्री जेवणं आटोपली की मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम, आणि सुट्टीच्या दिवशी गावाकडच्या भावाबरोबर फोनवर बीजीएमआय. सध्या जुन्या फोनच्या खोक्यातून आलेले इयरफोन वापरतोय. त्यांची उजवी बाजू मेली आहे, त्यामुळे समोरचा कुठल्या बाजूने अंगावर येतोय ते गोळी लागल्यावरच कळतं.
बजेट दोन हजार, ताणून अडीच. फोनला इयरफोनचं ३.५ मिमीचं भोक नाही, फक्त टाइप-सी. लॅपटॉपला आहे. मला चष्मा आहे. दुकानदार म्हणतो 'गेमिंग मोड'वाले बिनवायरचे बड्स घ्या. ऑफिसातला मित्र म्हणतो मोठा गेमिंग हेडसेटच घे. माझं मन वायरच्या इयरफोनकडे झुकतंय, पण हल्ली कुणाच्या कानात वायर दिसत नाही म्हणून बिचकतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तपकीर_गल्ली
वायर. डोळे झाकून वायर.

रात्रपाळी
वरच्या प्रतिसादाशी सहमत. पण का, तेही सांगतो, कारण दुकानदार नेमकं तेवढंच सांगत नाही.
ब्लूटूथवर आवाज पाठवताना फोन आधी तो दाबून लहान करतो आणि तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो. बड्स तो उलगडतात, आणि एखादा तुकडा वाटेत हरवला तर गाणं अडकू नये म्हणून थोडा साठा हाताशी ठेवतात. एसबीसी या साध्या कोडेकवर, म्हणजे आवाज दाबण्याच्या पद्धतीवर, या सगळ्यात साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. गाणी ऐकताना याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओ बघतानाही लागत नाही, कारण पुढे काय येणार हे प्लेअरला ठाऊक असतं. तो चित्र तेवढं मागे धरतो आणि ओठ-आवाज जुळतात. गेममध्ये पुढच्या क्षणी कोण गोळी झाडणार हे आधी ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे ही पळवाट चालत नाही. ६० फ्रेमवर खेळत असाल तर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. पावलं ऐकू येईपर्यंत माणूस दारातून आत आलेला असतो.
'गेमिंग मोड' हा हाताशी ठेवलेला साठा कमी करतो. त्याने फरक पडतो, नाही असं नाही. पण साठा कमी म्हणजे गर्दीत आवाज तुटणार. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, बऱ्याच घरांतला वायफायही तिथेच. सोसायटीत भिंतीला भिंत लागून राउटर असले की गेमिंग मोड सुरू केल्यावर टकटक ऐकू येते ती त्यामुळेच.

मृण्मयी_कल्याण
वायरवाल्यांनी एकदा सकाळी कल्याणहून सीएसएमटी फास्टमध्ये चढून दाखवावं. एकीची पर्स, दुसरीची ओढणी आणि आपली वायर, तिघींची गाठ दादरपर्यंत सुटत नाही. हिसका बसून फोन खाली पडलेला डोळ्यांनी पाहिलाय.
धागाकर्त्याने 'ऑफिसलाही' म्हटलंय, ते सगळे विसरलेले दिसतात. मी दिवसातून बरेच तास कॉलवर असते. कॉल चालू असताना उठून पाणी आणता येतं, कुकर बंद करता येतो. गेमिंग रात्री तासभर, बाकीचा दिवस कुठे गेला?

रात्रपाळी
@मृण्मयी, प्रवासाचा मुद्दा मान्य. तिथे बड्सच सोयीचे.

सोलापुरी_चादर
बिनवायरचं अजून एक दुखणं कुणी लिहिलं नाही. लॅपटॉपला बड्स जोडून डिस्कॉर्ड (खेळताना टीमशी बोलायचं ॲप) उघडलंत की गेमचा आवाज एकदम जुन्या लँडलाइनसारखा होतो. अनेकांना वाटतं बड्स बिघडले. बिघडलेले नसतात. ब्लूटूथची उत्तम आवाजाची वाट एकेरी आहे. माइक सुरू केला की ते फोन-कॉलसाठी बनवलेल्या दुसऱ्या पद्धतीवर जातं. तिथे आवाज मोनो होतो, आणि दर्जा सहसा जुन्या फोन-कॉलइतकाच. मोनो झाला म्हणजे डावं-उजवं संपलं. व्हॅलोरंटमध्ये मग राहिलं काय?
ज्यांच्याकडे आधीच बड्स आहेत त्यांच्यासाठी उपाय : डिस्कॉर्डच्या आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन इनपुटला लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा, आउटपुटला बड्स. आवाज पुन्हा स्टिरिओ होतो. मीटिंगमध्येही हेच करून बघा.

मृण्मयी_कल्याण
@सोलापुरी_चादर, आत्ताच करून पाहिलं. आवाजात जमीन-अस्मानाचा फरक आहे! मनापासून धन्यवाद.

चष्मेबद्दूर
आता चष्म्याबद्दल, कारण तो माझा विषय आहे.
मोठा हेडसेट घेणार असाल तर दुकानात चष्म्यासकट डोक्यावर घालून किमान पंधरा-वीस मिनिटं उभे राहा. दोन मिनिटांत सगळेच बरे वाटतात. दुखतं ते नंतर. गादी चष्म्याच्या काडीला कानामागच्या हाडावर दाबते, आणि काडीमुळे गादी आणि गाल यांच्यात फट राहते. त्या फटीतून खालचे सूर गळून जातात. म्हणजे डोकंही दुखणार आणि धमाकाही फुसका ऐकू येणार. काडी बारीक असेल आणि गादी मऊ, जाड असेल तर त्रास कमी.
वजनही बघा. रेझर ब्लॅकशार्क व्ही२ एक्स २४० ग्रॅमचा आहे, हा वर्ग तासन् तास चालतो. पण तो धाग्याच्या बजेटच्या वर जातो. दोन हजारांखालच्या रंगीत दिव्यांच्या हेडसेटमध्ये पैसा दिव्यांत जातो. ते दिवे घालणाऱ्याला दिसतसुद्धा नाहीत.

म्हापशेकार
गोव्यातून लिहितोय. पावसाळ्यात इथे हेडसेटच्या गाद्यांचं जे होतं ते कोकणातल्या लोकांनाही माहीत असेल. ते काळं मऊ आवरण चामडं नसतं, पॉलियुरेथेन असतं. दमट हवेने आणि घामाने ते आतूनच सुटतं. आधी चिकट लागतं, मग पापुद्रे, मग खेळून उठलं की कानांवर काळी पूड. ऊन दाखवून उपयोग नाही, उलट लवकर फाटतं. माझे दोन सल्ले. एक, ज्याच्या गाद्या वेगळ्या मिळतात असाच हेडसेट घ्या. दोन, कापडी किंवा मखमली गाद्या मिळाल्या तर त्या बसवा. बाहेरचा आवाज थोडा जास्त आत येतो, पण कान शिजत नाहीत. वापर झाला की हवाबंद डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या.

कानसेन_नाशिक
धागा बघून राहवलं नाही. हा माझा जिव्हाळ्याचा विषय.
धागाकर्त्याला जे हवंय त्याचं सरळ उत्तर आयईएम. म्हणजे स्टेजवरचे गायक कानात घालतात त्या धर्तीचे इयरफोन. वायर कानावरून मागे जाते, त्यामुळे ओढ बसली तरी निघत नाहीत. चष्म्याच्या काडीशी भांडण नाही, फक्त आधी वायर आणि मग चष्मा हा क्रम ठेवायचा. गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी या किमतीत जे दिलंय ते पूर्वी पाच-सात हजारांतही मिळत नव्हतं. केझेड ईडीएक्स प्रो हजाराच्या आसपास मिळतो. मूनड्रॉप चू २, सेव्हन हर्ट्झ झीरो २ हे दोन हजारांच्या आसपास. या तिघांचीही वायर काढता येते, हे महत्त्वाचं. वायर तुटली तर दोन-तीनशेत नवी, इयरफोन तेच.
केझेडच्या बहुतेक मॉडेलला माइक असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार असतात. ऑर्डर करताना नीट बघा, नाहीतर माइक नसलेला दारात येतो. चू २ चा थेट टाइप-सी लागणारा, माइकवाला प्रकारही आहे.
आता खरी गोष्ट. इयरफोनपेक्षा त्याचं रबरी टोक जास्त महत्त्वाचं आहे. खोक्यात तीन मापं येतात, आणि बहुतेक लोक मधलं बसवलेलं असतं तेच आयुष्यभर वापरतात. नीट बसलंय का हे ओळखायची खूण सांगतो. गाणं न लावता इयरफोन घाला आणि बोला. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा आला पाहिजे. पंख्याची घरघर एकदम मागे गेली पाहिजे. तसं होत नसेल तर माप बदला. मग ढोलकीचा आवाज लावून बघा, थाप पोटात जाणवली पाहिजे. एका कानाला मधलं आणि दुसऱ्याला मोठं लागणं अगदी स्वाभाविक आहे, दोन्ही कान सारखे नसतात. 'याला बासच नाही' म्हणून परत केलेले किती तरी इयरफोन फक्त टोक सैल म्हणून परत गेलेले असतात.

बारामतीचा_बाण
@कानसेन, हे सगळं गाण्यांसाठी ठीक. गेमिंगला ७.१ सराउंड, म्हणजे चहूबाजूंनी येणारा आवाज लागतो. हेडसेटवर ७.१ लिहिलेलं असतं, तुमच्या आयईएमवर कुठे असतं?

रात्रपाळी
@बाण, हेडसेट उघडून बघितला तर बहुतेकांत डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोनच ड्रायव्हर, म्हणजे चिमुकले स्पीकर, निघतात. ते ७.१ सॉफ्टवेअरमधून तयार केलेलं असतं. तसलं सॉफ्टवेअर कुठल्याही इयरफोनबरोबर चालतं. विंडोजमध्ये विंडोज सॉनिक फुकट बसलेलं आहे.
आपल्याला दिशा कळते ती दोन कानांनीच. उजवीकडचा आवाज डाव्या कानात जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळाने उशिरा पोचतो आणि किंचित दबका पोचतो. कानाच्या पाळीच्या वळणांनी त्याचा पोत बदलतो, त्यावरून पुढे-मागे आणि वर-खाली कळतं. हे सगळं गणित करून दोन वाहिन्यांत मिसळलं की झालं. व्हॅलोरंटच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एचआरटीएफ नावाचा पर्याय आहे, तो नेमकं हेच करतो. तो सुरू करा आणि हेडसेटचं ७.१ बंद करा. दोन्ही एकदम चालू ठेवलं तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि मागचा माणूस पुढे असल्यासारखा ऐकू येतो.

बारामतीचा_बाण
७.१ बंद करून एचआरटीएफ लावला. व्हॅलोरंटच्या असेंट नकाशावर खेळलो. वरच्या मजल्यावरची पावलं वरून येताहेत हे पहिल्यांदा कळलं. पटलं, पण हेडसेट मी सोडणार नाही. त्याच्या दांडीच्या माइकला तोड नाही.

सोलापुरी_चादर
@बाण, माइकबद्दल शंभर टक्के. वायरवरचा चिमुकला माइक शर्टाच्या बटणाला घासत राहतो आणि टीममधल्या चौघांना तो खरखराट ऐकावा लागतो. दांडीचा माइक ओठांपासून दोन बोटांवर राहतो, म्हणून पंखा नि कीबोर्ड मागे पडतात. ज्याला टीमशी सतत बोलायचंय त्याने हा मुद्दा हलक्यात घेऊ नये.

रेडिओवाले_काका
मी गेम खेळत नाही, पण वायर तुटण्याची चर्चा वाचून थांबलो. आमचं अर्धं आयुष्य सोल्डरिंगमध्ये गेलं.
इयरफोन शंभरातले बहुतेक पिनेच्या मुळाशी तुटतात, जिथे वायर वाकते तिथे. वर कान शाबूत असतात. फेकू नका. पिन विकत मिळते, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला. वायर सोलल्यावर आत केसासारखे रंगीत तांब्याचे धागे दिसतील. त्यावर लाखेचा पातळ थर असतो. नवशिके तसंच सोल्डर लावतात, ते धरत नाही आणि म्हणतात वायर खराब. आधी गरम टोकावर सोल्डरचा थेंब घेऊन त्यात धागे बुडवून ठेवायचे. थर जळून धूर निघतो आणि तांबं चकचकीत होतं. मग जोडायचं. चार कप्प्यांच्या पिनेत टोकाकडून क्रम असा : डावा, उजवा, अर्थ, माइक. धाग्यांत सहसा लाल तो उजवा, पण रंगांवर विश्वास न ठेवता मीटर लावून बघावं. वायरीतल्या रेशमासारख्या पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवा, ओढ त्या गाठीवर येते, जोडावर नाही.
कृष्णाकाठ, बंद पडलेले इयरफोन पुण्यातच असतील तर घेऊन या, बसल्या बैठकीला करून देतो.

कृष्णाकाठ
काका, नक्की येतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.
बाकी सगळ्यांना : एवढे सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन शंका. फोनला टाइप-सी ते ३.५ असा डोंगल लावला तर दर्जा घसरतो का? आणि शंभर रुपयांचा आणि नऊशेचा डोंगल यात नेमका फरक काय?

रात्रपाळी
काही फोन टाइप-सी मधून थेट कानात जाणारा सिग्नल देतात, त्यांना नुसता तारा जोडलेला स्वस्त डोंगल चालतो. बरेच फोन फक्त डिजिटल देतात, त्यांना डोंगलमध्ये डॅकची, म्हणजे डिजिटलचा कानात जाणारा सिग्नल करणारी, चिप लागते. म्हणून शंभराचा डोंगल मित्राच्या फोनवर चालतो आणि तुमच्या फोनवर मुका राहतो. ऑर्डर करताना 'डॅक' लिहिलेलाच घ्या, तो दोन्हीकडे चालतो. दर्जा घसरत नाही. ॲपलचा छोटा टाइप-सी डोंगल आवाजाला चांगला आहे, पण अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज बारीक येतो, त्यामुळे तुम्हाला सुचवणार नाही.
अजून एक. डोंगल लावला की चार्जिंगचं भोक गेलं. बीजीएमआय बॅटरी कशी खातो ते सांगायला नको. खेळता खेळता चार्ज करायचं असेल तर दोन भोकांचा डोंगल मिळतो.

तपकीर_गल्ली
आणि वाकडी, काटकोनातली पिन घ्या. फोन आडवा धरला की सरळ पिन बरोबर तळहातात रुतते. वायर तिथेच तुटते.

कान_नाक_घसा
मी व्यवसायाने ईएनटी आहे. धाग्यात आवाजाच्या दर्जाबद्दल भरपूर आलं, आता कानाबद्दल.
८५ डेसिबलला दिवसाचे आठ तास ही कामाच्या ठिकाणची प्रचलित मर्यादा. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन. जागतिक आरोग्य संघटनेचं इयरफोन वगैरेंसाठीचं मार्गदर्शन याहून सावध आहे : मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५. गेममध्ये फसगत अशी होते की पावलं बारीक असतात म्हणून आवाज वाढवला जातो, आणि मग शेजारीच बॉम्ब फुटतो. पावलं ऐकायला आवाज वाढवण्याऐवजी बाहेरचा गोंगाट अडवणारं टोक बसवा. वर कानसेन यांनी लिहिलेली खूण त्यासाठीच मोलाची आहे.
खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा समोरच्याचं बोलणं कापूस घातल्यासारखं ऐकू येत असेल, तर आवाज जास्त होता. बहुतेकदा ते ओसरतं. ओसरतं म्हणून पुन्हा तेच करत राहिलात तर आतल्या केसपेशी मरतात, आणि त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. याला औषध नाही, हे पेशंटला सांगताना मला दर वेळी जड जातं. वय विशीतलं असतं.
पावसाळ्यात बुरशीचे कान घेऊन येणाऱ्यांत इयरफोनवाले पुष्कळ असतात. अंघोळीनंतर ओल्या कानात लगेच घालू नका. रबरी टोकं काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. दुसऱ्याचे वापरू नका. आणि मळ काढायला काडी अजिबात नको.

म्हापशेकार
डॉक्टर, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवायला हवा.

आईसाहेब_अकोला
अवांतर आहे, पण विचारते. मुलगा सहावीत आहे, मोठ्या भावाचे इयरफोन घालून गेम खेळतो. हाक मारली तरी ऐकत नाही. त्याच्यासाठी काय घ्यावं?

कान_नाक_घसा
ताई, त्याच्यासाठी कानावर बसणारा साधा हेडफोन, मुलांसाठी आवाजाची मर्यादा घातलेला. अशांवर बहुधा ८५ डेसिबल लिहिलेलं असतं, ती कमाल मर्यादा समजा, रोजची पातळी नव्हे. फोनच्या सेटिंगमध्येही कमाल आवाज बांधता येतो आणि काही फोनमध्ये त्याला पासवर्ड लावता येतो. हाताच्या अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोललेलं त्याला ऐकू आलं पाहिजे, ही घरातली सोपी चाचणी.

कानसेन_नाशिक
धागा भरकटण्याआधी मूळ प्रश्नावर येतो. कृष्णाकाठ, तुमची गरज बघता : माइकवाला आयईएम, डॅकचा डोंगल, वाकडी पिन. दोन हजारांत बसतं. प्रवासाला ज्यांना बड्स हवेत त्यांनी ते हजाराचे वेगळे घ्यावेत. त्यात जास्त पैसे घालू नयेत, कारण बड्सची इवलीशी बॅटरी दोन-तीन वर्षांत दम सोडते आणि ती बदलून मिळणं कठीण. वायरचा इयरफोन त्या मानाने वर्षानुवर्षं राहतो.

मृण्मयी_कल्याण
@कानसेन, बॅटरीचं खरं आहे. माझ्या आधीच्या बड्सचा डावा संध्याकाळपर्यंत टिकत नव्हता. तरीही लोकलमध्ये मी बड्सच वापरणार.

कृष्णाकाठ
मंडळी, केझेड ईडीएक्स प्रो माइकवाला आणि डॅकचा डोंगल घेतला. उजव्या कानाला मोठं टोक लागलं, डाव्याला मधलं. काल खेळताना भाऊ म्हणाला, तू आता माझ्याआधी कसा वळतोस? मीटिंगला वायरवरचा माइक कॉलरला छोट्या चिमट्याने अडकवला, घासणं बंद. काकांकडे जाऊन आलो, जुने इयरफोनही चालू झाले, ते भावाला पाठवतोय. काकूंनी केलेल्या थालीपिठाबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

शिवारातून
उशिरा आलो. माझा डेस्कटॉप जुना आहे, माइकचं भोक वेगळं आणि हेडफोनचं वेगळं. माइकवाला इयरफोन लावला तर ऐकू येतं, पण माझं कुणाला जात नाही. आणि चुलत्यांच्या पीएस५ या गेमिंग कन्सोलला बड्स जोडले जात नाहीत. काय करू?

रात्रपाळी
डेस्कटॉपला : एका टोकाला चार कप्प्यांचं भोक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेला वाय स्प्लिटर घ्या. दीड-दोनशेला मिळेल. घेताना पिनांवर माइक आणि हेडफोनची चित्रं आहेत का बघा. एकाच आवाजाचे दोन हेडफोन करणारा स्प्लिटर दिसायला अगदी तसाच असतो, तो उपयोगाचा नाही.
पीएस५ थेट ब्लूटूथवर आवाज देतच नाही, बड्समध्ये दोष नाही. तोच वायरचा इयरफोन कंट्रोलरच्या खालच्या भोकात लावा, माइकसकट चालेल.

शिवारातून
कंट्रोलरला लावला, चालला. स्प्लिटर उद्या तालुक्याला गेलो की आणतो.